काशीरामच्या कंपनीतली ठमा

पनवेलजवळच्या सुकापूर गावात काशीराम नावाचा एक गृहस्थ राहत असे. त्याचे वडील खाडीकाठच्या मिठागरात काम करीत आणि मुलानेही तेथेच फावडे हाती घ्यावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु काशीरामचा जीव लहानपणापासून रेडिओत अडकला होता. घरातला रेडिओ त्याने प्रथम उघडला तेव्हा तो उत्तम चालत होता. मिटला तेव्हा तो मुका झाला होता. वडिलांनी त्याला मिठागराच्या बांधापर्यंत पळवत नेऊन चोपले. त्या माराच्या धाकाने काशीरामने रेडिओ पुन्हा उघडला आणि बोलता केला. त्याच्या शिक्षणाचा आरंभ असा झाला.

पुढे तो मुंबईस एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात राहिला आणि हात तयार झाल्यावर पनवेलला परतला. टपाल नाक्याजवळ त्याने छोटेसे दुकान थाटले. कोणताही टीव्ही उघडण्यापूर्वी तो त्याच्यासमोर मांडी घालून बसे आणि आजारी माणसाकडे बघावे तसा बराच वेळ पडद्याकडे बघत राही. "डावीकडे सावली धरतोय," "उजवीकडे रंग फुटतोय," असे पुटपुटत त्याचे निदान चाले. बहुधा ते बरोबर निघे.

एकोणीसशे ब्याण्णवच्या सुमारास नवीन पनवेलच्या इमारतींमधील मुलांना टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमचे वेड लागले. परदेशी यंत्र घेणे थोड्याच घरांना जमत असे. असेच एक बिघडलेले यंत्र काशीरामकडे दुरुस्तीस आले. त्याने ते उघडून आत पाहिले आणि त्याला किंचित फसवणूक झाल्यासारखे वाटले. एवढा गाजावाजा झालेल्या वस्तूच्या पोटात एक हिरवी पाटी, चार तारा आणि बरीचशी हवा होती. "हे तर आपुनबी करू," असे तो मोठ्याने म्हणाला. त्याने मुंबईहून सुटे भाग आणले, घरामागे पत्र्याची शेड उभारली आणि कारखाना सुरू केला.

या कारखान्याचा खरा आधार म्हणजे त्याची पत्नी भामा. ती खाडीकाठच्या बेलपाड्याची. लहानपणापासून जवळ्याची बारीक सुकी मासळी निवडून निवडून तिच्या नजरेला अशी धार आली होती की, केसाएवढी तार जागची हलली तरी तिला ती दिसे. काशीरामने तिला तारा जोडायची सोल्डरची गरम कांडी धरायला शिकवले, आणि पहिला महिना संपण्याच्या आत तीच त्याला शिकवू लागली. आळीतल्या बायकांना तिने कामावर घेतले आणि एक कडक नियम घातला. प्रत्येक यंत्र खोक्यात घालण्यापूर्वी टीव्हीला जोडून खेळून पाहायचे. खेळ मध्येच अडकला तर यंत्र परत. या नियमामुळे माल चांगला निघू लागला. मात्र तपासणीचे काम त्यांच्यातल्या सोनाबाईकडे होते आणि सोनाबाईला रणगाड्यांच्या लढाईची गोडी लागली.

"सोनाबाय, चल गो, जेवून घे," भामा हाक मारी.

"माझा रनगाडा मराला टेकलाय आनि मी जेवू?" सोनाबाई मान न वळवता उत्तर देई. "तू वाढून ठेव. मी समोरच्याला मारून येतंय."

माल चांगला होता, परंतु खोक्यावर नाव नव्हते. पनवेलच्या बाजारातला घाऊक व्यापारी उदयसिंह याला ते पसंत पडेना. "काशीरामभाऊ, बिना नावाचा माल चोरीचा वाटतो," तो म्हणाला. "काहीतरी झकास नाव टाका. मी खोकी छापून घेतो."

काशीरामच्या मनात नाव केव्हाच ठरलेले होते. कारखाना जिच्या हातावर उभा होता, तिचेच नाव त्याला द्यायचे होते. भामाला आधी काही सांगायचे नाही, एकदम पाटीच दाखवायची, असा त्याचा बेत होता. परंतु सुकापूरची एक रीत आहे. नवी होडी असो, विहीर असो वा घर असो, गावदेवीला विचारल्याशिवाय त्याला नाव देत नाहीत. म्हणून एका सकाळी काशीराम विठू भगताला घेऊन देवळात गेला.

कौल लावण्याची पद्धत अशी. देवीच्या पाषाणाला पाणी घालून तिच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक ओली कळी चिकटवायची. भगताने गाऱ्हाणे घालायचे आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर आईचा होकार, डावी पडली तर नकार. विठूबुवा हे काम तरुणपणापासून करीत आले होते. परंतु आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. गाऱ्हाणे ते घालीत, आणि कोणती कळी पडली हे विचारायला आलेल्या माणसानेच बघून सांगावे लागे.

"आई माउली," विठूबुवांनी गाऱ्हाणे घातले, "काशीराम तुझा लेकरू हाय. टीव्हीत खेलायची पेटी बनवतंय. पेटीला बायकोचं नाव देवाचं म्हनतंय, भामा. तुझी राजी असंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे."

थोड्या वेळाने एक कळी टप्पकन खाली आली.

"कुठली रं?"

काशीरामने समोरून नीट पाहिले. "डावी, बुवा."

"मंग नको म्हनते आई."

काशीरामचा चेहरा उतरला. त्याने पुन्हा विचारण्याची विनंती केली. पुन्हा तीच कळी पडली. मग त्याने आपल्या आईचे नाव विचारले, ते गेले. आजीचे विचारले, ते गेले. शेवटी काही सुचेना म्हणून त्याने खुद्द गावदेवीचेच नाव पुढे केले, तर पुन्हा तीच कळी. देवीने स्वतःचे नावसुद्धा नाकारावे, याचे विठूबुवांना नवल वाटले. परंतु आईला मोठेपणाची हौस नाही, असा त्याचा अर्थ लावून ते पुढे गेले.

एव्हाना ऊन चढले होते. दोघांच्याही पोटात कावळे ओरडत होते. त्या भुकेच्या गडबडीत 'ठमा' हे नाव निघाले. आणि काय आश्चर्य, दुसऱ्या खांद्यावरची कळी पडली!

"उजवी! बुवा, उजवी पडली!"

"झालं तर," विठूबुवा उठत म्हणाले. "आईची राजी ठमाला हाय. चल घरी."

घरी येता येता काशीरामने मनाशी एक गोष्ट पक्की केली. भामा लग्न झाल्यापासून गावदेवीचा मंगळवार करीत आली होती. एकही उपास तिने चुकवला नव्हता. त्या आईने तिच्या नावाला दोनदा नाकारले, हे तिच्या कानावर जाता कामा नये. मग वाटेल ते होवो.

वाटेल ते होण्यास फार वेळ लागला नाही. पाटी रंगवून शेडवर चढली त्या दिवशी भामा तांदूळ पाखडत होती. ती सूप घेऊनच बाहेर आली. निळ्या पत्र्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिले होते : ठमा व्हिडिओ गेम, सुकापूर.

"ठमा कोन?" भामाने विचारले.

"नाव हाय."

"ते दिसतंय. वाचता येतं मला. कोनाचं हाय?"

"कंपनीचं."

"माझं नाव भामा. तुमच्या कंपनीचं ठमा. एवढ्या जवल येऊन गाडी चुकली तुमची?"

काशीराम पाटी तिरकी लागली आहे असे सांगून शिडीवर चढला. पाटी अगदी सरळ होती. तो बराच वेळ वर राहिला.

दुसऱ्या दिवसापासून भामा शेडमध्ये आली नाही. ती भांडली नाही, माहेरी गेली नाही, रडलीही नाही. स्वयंपाक वेळेवर होई, कपडे वेळेवर धुतले जात. फक्त शेडच्या उंबऱ्याला तिचे पाऊल लागेना. "तुमची ठमा हाय ना तिथं," एवढेच ती म्हणे. जेवताना काशीरामने आमटी मागितली तर पातेले त्याच्याकडे सरकवून म्हणे, "ठमाला बोलवा वाढाया." आमटीत मीठ कमी पडले असे त्याने एकदा धीर करून सांगितले. त्यावर ती म्हणाली, "मिठागरवाल्याचा पोर तुमी, तरी मीठ माझ्याकडं मागता? कंपनीत इचारा."

शेडमध्ये भामाच्या जागी आता काशीराम स्वतः बसू लागला. परंतु टीव्हीची मोठी कामे करण्यात त्याचे आयुष्य गेले होते. बारीक कामाला त्याचे बोट जाड पडे. सोल्डरचे गोळे पावट्याएवढे होऊ लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मालाला मागणी आली आणि पावसाळ्यात त्यातला बराचसा माल दुरुस्तीसाठी परत आला. शेडच्या कोपऱ्यात परत आलेल्या यंत्रांचा ढीग वाढू लागला. "ओ, वैनीला आना," सोनाबाई रोज सांगे. "तुमच्या हातचा माल टीव्हीला लावला की माझा रनगाडा उलटा चालतो."

इकडे 'ठमा' या नावाचा मात्र भलताच बोलबाला झाला. नवीन पनवेलचे कमलाकर नावाचे एक बँकेतील अधिकारी आपल्या निनाद नावाच्या मुलासाठी यंत्र घ्यायला काशीरामच्या दुकानात आले. त्यांनी खोके हातात फिरवून पाहिले आणि काशीरामला त्याच्याच कंपनीची माहिती दिली.

"हे जपानी नाव आहे. जपानमध्ये ठमा नावाचा एक डोंगर आहे. तिकडच्या कंपन्या डोंगरांची नावं घेतात."

"असंल, साहेब," काशीराम म्हणाला.

"असंल नाही, आहे. तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

"मी डोंगराकडं फारसा जात नाय, साहेब."

काशीरामने सांगितलेला हा डोंगर उदयसिंहला फार आवडला. तो येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो डोंगर सांगू लागला, आणि हळूहळू त्या डोंगरावर बर्फही पडू लागले. काशीरामने आक्षेप घेतला नाही. डोंगरावर निभावत असेल तर बरेच, असे त्याला वाटत होते. एका संध्याकाळी त्याने तो डोंगर भामालाही सांगून पाहिला.

भामा शांतपणे भाकरी थापत होती. "डोंगर?"

"जपानातला."

"त्या डोंगराला लुगडं नेसवता का चोली?" भामाने विचारले, आणि भाकरी तव्यावर अशी टाकली की काशीराम तडक उठून बाहेर गेला.

गावाला जपानच्या डोंगराशी कर्तव्य नव्हते. सुकापुरात आणि आजूबाजूच्या पाड्यांत ठमा हे नाव घरोघरी. कोणाची आजी ठमा, कोणाची सासू ठमा, कोणाची वारलेली आत्या ठमा. त्यात गावची आणखी एक रीत. ज्या बाईचे नाव होडीला किंवा घराला असते, तिला किंवा तिच्या घरच्यांना दसऱ्याच्या पूजेत मानाचा नारळ आणि लुगडे मिळते. काशीरामची कंपनी नावारूपाला येत आहे असे दिसताच ठमांचे नातलग शेडकडे वळू लागले. कोणी म्हणे, आमच्या आजीने तुझ्या बापाला लहानपणी पेज पाजली होती, ती आठवण तू ठेवलीस. कोणी म्हणे, आमच्या आत्याने तुला ओढ्यातून बाहेर काढले होते. काशीरामला ओढ्यात पडल्याचे आठवत नव्हते. परंतु तो 'नाही' म्हणेना, कारण 'नाही' म्हटले की लगेच 'मग कोण?' असा प्रश्न येई. तो सर्वांना चहा पाजी आणि मान डोलवी. त्यामुळे प्रत्येकाला वाटले, आपलीच ठमा खरी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी या मान डोलावण्याचे फळ त्याच्या पदरात पडले.

वरच्या आळीची ठमाबाई ही गावातली सर्वांत वयोवृद्ध ठमा. ती सकाळीच ठेवणीतले लुगडे नेसून, कपाळाला रुपयाएवढे कुंकू लावून शेडमध्ये आली आणि खुर्चीवर ठाण मांडून बसली.

"आजी, पूजा उद्या हाय," काशीराम म्हणाला.

"ठावं हाय. उद्या गर्दी व्हईल. जागा धरून ठेवली."

तेवढ्यात खालच्या आळीचे लोक आपल्या वारलेल्या ठमाचा हार घातलेला फोटो घेऊन हजर झाले. फोटो ठेवायला त्यांना नेमकी तीच खुर्ची हवी होती.

"उठ गो म्हातारे, ही जागा आमच्या आईची."

"तुझी आई वर गेली ना? मंग तिला खाली बसाया कशाला पायजे?"

"तुझ्या नावाची कंपनी? तुला टीव्ही लावता येतो का?"

"तुझ्या आईच्या टायमाला टीव्ही व्हता का?"

आवाज चढले. सोनाबाईने रणगाडा थांबवला, यावरून प्रसंगाचे गांभीर्य ध्यानी यावे. बायका कामे टाकून गोळा झाल्या. आरडाओरडा ऐकून भामाही घरातून आली आणि शेडच्या उंबऱ्याबाहेर, पदर खोचून उभी राहिली. काशीरामने तिला पाहिले आणि त्याच्या कपाळाला घाम फुटला. दसऱ्याच्या पूजेला नवरा-बायकोने जोडीने बसायचे असते. उद्या ती येईल की नाही, हे त्याने तिला विचारण्याचे धाडस अजून केले नव्हते. आणि आज जर ती या लोकांच्या तोंडून भलतेच काही ऐकून गेली, तर ती पुन्हा कधीच येणार नाही, हे तो ओळखून होता.

"भगताला इचारा!" गर्दीतून कोणीतरी ओरडले. "देवलात काशीरामबरोबर तोच व्हता."

काशीराम "नको, नको" म्हणेपर्यंत विठूबुवांना हाताला धरून आणलेही होते. आपल्याला सल्ला विचारला जात आहे, याचा बुवांना आनंद झाला. त्यांनी घसा साफ केला.

"कंपनीचं नाव ना? माझ्यासमोर ठरलं. आईनं दिलं."

काशीराम जोराने खोकला.

"काशा, सुंठ खा," विठूबुवा म्हणाले आणि पुढे सांगू लागले. "पयलं हा आला, तो बायकोचं नाव घेऊन आला. म्हनतो, बुवा, भामाच्या हातावर कारखाना उभा हाय, भामाचंच नाव देवाचं. दोनदा इचारलं. दोनदाबी आईनं नाय म्हटलं. मंग याच्या आईचं, आजीचं नाव घेतलं, त्यालाबी नाय, आनि शेवटी ठमाला उजवी दिली."

 काशीरामने मान खाली घातली. इतके महिने ज्या गोष्टीवर तो पाय देऊन उभा होता, ती बुवांनी एका दमात उघडी केली होती. त्याला भामाकडे बघवेना.

भामा उंबऱ्याबाहेरूनच बोलली.  "म्हनून सांगलं नाय तुमी?"

"तू मंगलवार करतंस," काशीराम पुटपुटला. "तुला काय सांगू? आईला तू नको हायस म्हनून सांगू?"

 भामाने डोळ्यांना पदर लावला. बायकांनी एकमेकींकडे पाहिले. ठमाबाईसुद्धा खुर्चीत अवघडून बसली. मग तिने पदर खाली घेतला, आणि जवळ्यातला खडा दिसावा तसे तिच्या नजरेला काहीतरी दिसले.

"बुवा, तुमाला तर दिसत नाय. कली कोनी बघितली?"

"काशीरामनं."

"तुमी कुठं उभे व्हता, ओ?"

"आईच्या समोर."

"समोर. आनि कुठली पडली म्हनून सांगलं?"

"डावी."

"कोनाची डावी?"

काशीरामला प्रश्नच समजला नाही. "डावी म्हंजे डावी. टीव्हीसमोर बसल्यावर जी डावी, ती डावी."

 भामाने उंबरा ओलांडला. इतक्या महिन्यांनी ती शेडमध्ये आली, हे त्या गडबडीत कोणाच्या लक्षातही आले नाही. तिने यंत्रांचे एक खोके उपडे घातले आणि सोनाबाईला दंड धरून त्यावर बसवले. पूजेसाठी आणलेल्या झेंडूच्या दोन पाकळ्या ओल्या करून तिच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या.

"सोनाबाय, तू गावदेवी. हलू नको."

"मी देवी?" सोनाबाई ताठ झाली. "मंग माझ्या पाया पडा आधी."

"गप. देवी बोलत नाय. तुमी या, ओ. देवलात उभे व्हता तसे समोर उभे ऱ्हा."

काशीराम आज्ञेप्रमाणे उभा राहिला.

"आता दाखवा, कुठली कली पडली व्हती?"

त्याने आपल्या डाव्या हाताच्या बाजूला बोट दाखवले. "ही."

"सोनाबाय, तो कुठला हात तुझा?"

"देवी बोलत नाय ना?"

"आता बोल!"

सोनाबाईने हात वर करून पाहिला. "याच हातानं जेवतंय मी," ती म्हणाली. "उजवा!"

प्रथम एक बाई हसली. मग सगळी शेड हसू लागली. विठूबुवांनी कपाळावर हात मारला.

"अरं काशा! उजवी-डावी आईची बघायची रं! तुझी कशाला बघितलीस? आई काय टीव्ही हाय का?"

"मला काय ठावं," काशीराम गोंधळून म्हणाला. "मी आयुष्यभर तशीच बघतंय."

"म्हंजे बघा," भामा एकेक शब्द तोलून म्हणाली, "आईनं मला हो म्हटलं. दोनदा म्हटलं. तुमच्या आईलाबी हो म्हटलं, आजीलाबी हो म्हटलं. बिचारी हो हो म्हनून दमली आनि तुमी नाय नाय म्हनून पुढं गेलात. आनि जिला ती नाय म्हनली, तिला उचलून पाटीवर बसवलंत!"

यावर जे घडले त्याची कोणालाच कल्पना नव्हती. ठमाबाई खुर्चीवरून उठली. "मला नाय म्हनली? आई मला नाय म्हनली? मी नाय ती ठमा! माझा या कंपनीशी काय संबंध? मी आपली सहज आलेली." तिने लुगड्याच्या निऱ्या सावरल्या आणि वयाला न शोभेल अशा वेगाने वरच्या आळीचा रस्ता धरला. खालच्या आळीच्या लोकांनी फोटो उलटा करून काखेत मारला. "आमच्या आईला असल्या खेलाची आवड नव्हतीच," असे सांगून तेही निघाले. सकाळी जी कंपनी इतक्या ठमांना अपुरी पडत होती, तिला दुपारी औषधालाही ठमा उरली नाही.

"पन मंग ही ठमा आली कुठून?" सोनाबाईने विचारले. पाकळ्या तिने अजून काढल्या नव्हत्या.

"बुवांनी नाव घेतलं," काशीराम म्हणाला.

"मी कशाला घेऊ? तू घेतलंस."

"मी नाय, बुवा. तुमीच म्हनलात, ठमा बघ."

"मी आंधला, मी काय बघ म्हनेन? भुकेनं तूच काहीतरी बरललास."

दोघेही शपथेवर सांगत होते, आणि दोघेही खोटे बोलणारे नव्हते. त्या नावाचा उगम त्या दिवशी सापडला नाही आणि पुढेही कधी सापडला नाही.

आता पाटीचे काय करायचे, हा प्रश्न उरला. "उद्याच्या उद्या उतरवतो," काशीराम म्हणाला. "भामा नावाची नवी करतो. उदयसिंहला खोकी फाडाया सांगतो."

"कशाला?" भामा म्हणाली. "छापलेली खोकी फाडाया तो काय खुळा हाय? आईनं मला हो म्हटलं ते गावानं ऐकलं. ते माझ्याकडं ऱ्हाईल. ठमा ऱ्हाऊ द्या पाटीवर. कोनाचीच नाय ती, बिचारी जाईल कुठं?"

दसऱ्याच्या सकाळी दोघे नारळ घेऊन देवळात गेले. चूक झाली, पदरात घे, असे काशीरामने देवीला सांगितले. विठूबुवांनी सवयीने कळ्या हातात घेतल्या आणि विचारले, "आईनं माफ केलं का, कौल लावून बघायचा?"

"नको!" नवरा-बायको एकाच वेळी म्हणाले.

शेडमध्ये पूजा जोडीने झाली. मानाचा नारळ भामाने वाढवला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा काशीरामच्या हातावर ठेवला. बायकांना प्रसाद मिळाला, सोनाबाई टीव्हीकडे वळली. भामा मात्र सरळ कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेली. तिने परत आलेले एक यंत्र उचलले, स्क्रू काढले, झाकण उघडले आणि आतल्या पाटीकडे बराच वेळ बघत राहिली.

"हा सोल्डर कोनी मारला?"

"मी," काशीराम म्हणाला.

"दिसतंय," भामा म्हणाली, आणि कांडी तापायला लावून आपल्या जागेवर बसली.